घरासाठी कोल्ड प्लंज टब निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिम करणारे, सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करणारे, किंवा रोज पहाटे थंड पाण्यात उतरायची सवय लावू पाहणारे अनेक जण आता घरीच टब बसवायचा विचार करतात. रक्कम काही लाखांत जाते. दुकानदाराच्या माहितीपत्रकात मात्र लाकडाचा रंग, दिव्यांची रोषणाई आणि "३ अंशांपर्यंत थंड" एवढंच ठळक असतं. आपल्या हवेत टब नीट चालेल की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत: चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) खरी ताकद, इन्सुलेशन, खालची स्लॅब, आणि बिघडल्यावर दुरुस्तीला येणारा माणूस. खालची उत्तरं याच क्रमाने महत्त्व देऊन लिहिली आहेत.

साध्या बाथटबमध्ये बर्फ टाकला तर काम भागत नाही का?

अधूनमधून करायचं असेल तर भागतं. रोज करायचं असेल तर हिशेब करून बघा. टबमध्ये ४०० लिटर पाणी आहे आणि ते २८ अंशांवरून १० अंशांवर आणायचं आहे. एवढी उष्णता काढायला साधारण ८० किलो बर्फ लागतो, म्हणजे कारखान्यातून आणलेल्या बर्फाच्या लादीचा मोठा तुकडा, दर वेळी. तो आणायचा, फोडायचा, वितळेपर्यंत थांबायचं, आणि संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा कोमट. शिवाय कारखान्याची लादी कोणत्या पाण्याची आहे हे आपल्याला माहीत नसतं.

आठवड्यातून एकदा, लांब पल्ल्याच्या धावण्यानंतर पाय बुडवायचे असतील तर कमरेइतक्या पिंपात दीडशे लिटर पाणी आणि २५-३० किलो बर्फ पुरेसा होतो. तुमची गरज एवढीच असेल तर टब घेऊ नका, असंच मी सांगेन. चिलर असलेल्या टबचा अर्थ रोजच्या वापरात आहे. पाणी कायम तयार, स्वच्छ आणि ठरलेल्या तापमानाला असतं.

याचा खरंच उपयोग होतो का?

काही बाबतींत होतो, काहींत नाही, आणि एका बाबतीत चक्क तोटा होतो.

व्यायामानंतर अंग दुखण्याबद्दलचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. २०१२ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १७ छोटे अभ्यास तपासले गेले, एकूण ३६६ माणसांचे. नुसत्या विश्रांतीपेक्षा थंड पाण्यात बसल्यावर पुढचे काही दिवस स्नायूंचं दुखणं कमी होतं असं त्यात दिसलं. बहुतेक अभ्यासांत पाणी १० ते १५ अंशांचं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे तापमानाच्या प्रश्नात ते कामाला येईल.

तोट्याची गोष्ट वजन उचलणाऱ्यांसाठी. २०१५ साली 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'मध्ये आलेल्या एका प्रयोगात १२ आठवडे वजनांचा व्यायाम करणाऱ्यांपैकी एका गटाने प्रत्येक सत्रानंतर १० मिनिटं १० अंशांच्या पाण्यात बसायचं ठरवलं होतं. दुसऱ्या गटाने हलकी सायकल चालवली. स्नायू आणि ताकद दोन्ही दुसऱ्या गटात जास्त वाढली. म्हणून स्नायू वाढवणं हे तुमचं ध्येय असेल तर व्यायामानंतर लगेच टबात उतरू नका. सकाळी टब, संध्याकाळी जिम असा क्रम ठेवा किंवा दिवस वेगळे करा.

मन ताजंतवानं होतं, हे जवळपास प्रत्येक जण सांगतो आणि ते खोटं नाही. नॉरॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक थंड पाण्यात झपाट्याने वाढतं. पण जाहिरातींत "डोपामिन २५० टक्के वाढतं" असं छापतात, तो आकडा २००० सालच्या ज्या प्रयोगातला आहे त्यात माणसं १४ अंशांच्या पाण्यात पूर्ण १ तास बसली होती. दोन मिनिटांच्या डुबकीला तो आकडा लावता येत नाही. २०२५ साली 'प्लॉस वन'मध्ये ११ अभ्यासांचा आढावा आला. त्यात ताण कमी झाल्याचं १२ तासांनी दिसलं, पण मनःस्थिती सुधारल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. वजन कमी होईल, मधुमेह बरा होईल, प्रतिकारशक्ती दुप्पट होईल असं विक्रेता सांगू लागला तर त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवताना जपून.

कोणी हा टब घेऊच नये?

हृदयविकार, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट्स, थंडीने बोटं पांढरी पडण्याचा रेनॉड आजार, थंडीने अंगावर पित्त उठण्याची ॲलर्जी, आणि गरोदरपण. यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नका. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर थंडीने होणारी इजा कळतच नाही, म्हणून तिथेही तोच नियम. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आपल्याकडे लोक म्हणतात, "आमचे आजोबा माघस्नान करायचे, पहाटे नदीवर जायचे, काही झालं नाही." तांब्याने अंगावर पाणी घेणं किंवा नदीत तीन डुबक्या मारून बाहेर येणं वेगळं आणि गळ्यापर्यंत १० अंशांच्या पाण्यात बसून राहणं वेगळं. गळ्यापर्यंत बुडाल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, धाप लागते, रक्तदाब आणि ठोके एकदम चढतात. एक ते तीन मिनिटांत हे शांत होतं. निरोगी माणसाला हे झेपतं. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्याच्यासाठी तीच दोन मिनिटं धोक्याची. चाळिशी उलटली असेल आणि कधी तपासणीच झाली नसेल, तर टबाच्या किमतीपुढे ईसीजी आणि टूडी इकोचा खर्च काहीच नाही.

३ अंशांपर्यंत जाणारा टब घेऊ की १० अंशांचा पुरतो?

१० अंश पुरतात. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास १० ते १५ अंशांतलेच आहेत. आणि मुंबईतल्या माणसाला, ज्याच्या नळाचं पाणी वर्षातला बराच काळ पंचविशीच्या पुढे असतं, १५ अंशसुद्धा सुरुवातीला अंगावर काटा आणतात.

तरीही ३ ते ५ अंशांचा दावा करणारं यंत्र घेण्यात एक फायदा आहे. ज्या चिलरची क्षमता ३ अंशांपर्यंत आहे तो मे महिन्यात १० अंश दमछाक न होता टिकवतो. १० अंश हीच ज्याची शेवटची मर्यादा आहे तो अकोल्यात उन्हाळ्यात १५-१६ वर अडकून बसेल. म्हणजे तो आकडा राखीव ताकद म्हणून बघा, रोज गाठायचं लक्ष्य म्हणून नाही.

चिलर किती एचपीचा घ्यावा?

सगळ्यात जास्त फसगत याच प्रश्नात होते, म्हणून इथे जरा थांबू.

एचपीचा आकडा सहसा कॉम्प्रेसर किती वीज खातो याबद्दल असतो. तो पाण्यातून किती उष्णता काढतो हे त्यावरून थेट कळत नाही. विचारायचं ते वॅटमध्ये: "पाणी १० अंश आणि बाहेरची हवा ४० अंश असताना याची शीतलीकरण क्षमता किती वॅट?" बहुतेक यंत्रांची क्षमता २५ अंशांच्या आसपासच्या हवेत मोजून छापलेली असते. हवा तापली की कंडेन्सर (उष्णता हवेत सोडणारा भाग) ती नीट बाहेर टाकू शकत नाही आणि क्षमता घसरते. युरोपातल्या बागेसाठी बनवलेलं यंत्र नागपूरच्या गच्चीवर तेवढंच काम करील अशी अपेक्षाच चुकीची.

आता हिशेब. ४०० लिटर पाणी २८ वरून १० अंशांवर आणायला साधारण ८.४ युनिट (किलोवॅट-तास) इतकी उष्णता काढावी लागते. चिलर प्रत्यक्षात १ किलोवॅट उष्णता काढत असेल तर पहिल्यांदा थंड व्हायला साडेआठ तास, गळती धरून नऊ-दहा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३५ अंशांचं असतं. मग उष्णता होते ११.६ युनिट, आणि गरम हवेत तोच चिलर ८०० वॅटवर आला तर पंधरा तास सहज. त्यामुळे भरायचं ते पहाटे, आणि जमलं तर जमिनीखालच्या टाकीतून. हे फुकटचे पाच-सात अंश आहेत.

माझं मत असं: मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे ३००-४०० लिटरच्या टबाला अर्धा एचपी ही खालची पायरी समजा, तीही इन्सुलेशन उत्तम असेल तरच. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथे किंवा टब उघड्यावर असेल तर १ एचपीच्या खाली जाऊ नका. पुणे, नाशिक, कोल्हापूर या दोन्हींच्या मध्ये येतात. पाव एचपीचे छोटे चिलर स्वस्त मिळतात. बिनइन्सुलेशनच्या टबाला ते जोडले तर रात्रभर चालूनही पाणी १६-१७ च्या खाली येत नाही, आणि कॉम्प्रेसरला विश्रांती मिळत नसल्याने तो लवकर जातो.

आणखी एक. चिलर पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही खोलीत सोडतो. बंद ड्राय बाल्कनीत ठेवला तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. मागेपुढे दीड-दोन फूट मोकळी जागा आणि हवेला बाहेर जायला वाट हवीच.

इन्सुलेशनला एवढं महत्त्व का?

कारण टब दिवसातून दहा मिनिटं वापरला जातो आणि उरलेला वेळ नुसता थंड राहत असतो.

चारपाच चौरस मीटर पृष्ठभागाचा टब धरा. भिंतीत ५० मिलिमीटरचा पफ (पॉलियुरेथेनचा फोम) असेल आणि झाकणही तसंच असेल तर ३२ अंशांच्या हवेत बाहेरून आत शिरणारी उष्णता साधारण ५० वॅट. पंपाची आणि नळ्यांची धरून १०० म्हणू. एकेरी भिंतीच्या टबात हाच आकडा पाचशे वॅटच्या घरात जातो. वीज गेल्यावर फरक डोळ्यांना दिसतो. पहिला टब तासाला ०.२ अंशाने तापतो, दहा तास लोडशेडिंग झालं तरी दोनच अंश. दुसरा तासाला एक अंशाने. म्हणून चांगल्या टबाला इन्व्हर्टर किंवा जनरेटर लागत नाही.

किनारपट्टीवर याहून मोठा प्रश्न आहे घाम फुटण्याचा. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरीच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. टबाची बाहेरची बाजू त्याखाली गेली की तिच्यावर पाणी जमतं आणि दिवसभर ठिबकत राहतं. फरशी निसरडी होते, लाकडी आवरण काळं पडतं, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते आणि सोसायटीत भांडण सुरू होतं. दुकानात एसी चालू असतो, तिथे हे दिसत नाही. तुमच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये चालू असलेला टब बघायला मागा आणि त्याच्या तळाखाली हात घालून बघा. नळ्यांवर काळं फोमचं आवरण आहे का, तेही पाहा.

ॲक्रिलिक, स्टील, लाकूड की प्लास्टिक?

इथे मी पैसे वाचवायला सांगेन. दुहेरी भिंतीचा, मध्ये फोम भरलेला रोटोमोल्डेड प्लास्टिकचा टब (छतावरच्या पाण्याच्या टाक्या ज्या पद्धतीने बनतात तीच पद्धत) दिसायला साधा, पण टिकाऊ असतो. ॲक्रिलिक दिसतं छान, पुसायला सोपं, मात्र मागे फायबरग्लासचा जाड थर हवा. रिकाम्या टबात उभं राहून बघा, तळ दबला तर नको.

स्टील घेणार असाल तर ३१६ दर्जाचं. क्लोरीन आणि खाऱ्या हवेत ३०४ ला बारीक खड्डे पडू लागतात. लाकूड सुंदर असतं आणि त्याची माया मलाही आहे, पण कोकणात आणि गोव्यात आत स्टील किंवा ॲक्रिलिकचं भांडं आणि बाहेर लाकूड, असंच घ्या. उघडं लाकूड पाण्याला लागलं की शेवाळ आणि जंतूंना घर मिळतं.

हवा भरून फुगवायचे टब भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी ठीक. त्यांना प्रीमियम म्हणून विकलं जात असेल तर किमतीचा विचार करा.

फ्लॅटमध्ये ठेवता येतो का? बाल्कनीत?

बाल्कनीत नको. हे सगळ्यात आधी.

वजन बघा. पाणी ४०० किलो, टब आणि चिलर ८०-९० किलो, माणूस ७५ किलो. जवळपास ५६० किलो, आणि ते सगळं दीड चौरस मीटरच्या आत. म्हणजे चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या वर. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार घरातल्या खोल्यांची स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोंच्या वापरभारासाठी आखतात, बाल्कनी ३०० किलोंसाठी, जाता येण्याजोगी गच्ची १५० किलोंसाठी. हे आकडे पूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचे आहेत, त्यामुळे छोट्या जागेवर जास्त भार आला की स्लॅब लगेच पडते असं नाही. पण बाल्कनी बहुधा एकाच बाजूने धरलेली असते आणि भार जितका कठड्याकडे तितका ताण जास्त. जुन्या इमारतीत सळ्या गंजलेल्या असतात. फ्लॉवर बेड आत घेऊन वाढवलेली जागा तर या वजनासाठी कधीच बांधलेली नसते.

तळमजला, बंगल्याचं अंगण, जमिनीवरचं पार्किंग ही उत्तम जागा. वरच्या मजल्यावर ठेवायचाच असेल तर खाली तुळई किंवा भिंत आहे अशी जागा शोधा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. टब पुरवणारा "आम्ही खूप ठिकाणी बसवलेत" म्हणतो, ते लेखी मत नव्हे. गच्ची बहुतेक सोसायट्यांत सामाईक असते, त्यामुळे परवानगी हवी. वॉटरप्रूफिंगच्या कोब्यावर टबाचे पाय थेट टेकवले तर तो फुटतो, खाली जाड पाट्या द्या.

पाणी सोडायची सोयही आधीच बघा. ४०० लिटर पाणी एकदम सोडलं तर बाथरूमचा छोटा नहाणी ट्रॅप तुंबतो. बारीक धारेने, पाऊण-एक तासात सोडता येईल असा व्हॉल्व्ह हवा. दरवाजाची रुंदी, लिफ्टची खोली, जिन्याचं वळण मोजून ठेवा. एकसंध टब घरात शिरलाच नाही म्हणून परत गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

वीजजोडणी कशी असावी?

माणूस पाण्यात बसलेला असताना त्या पाण्यातून फिरणारा पंप विजेवर चालू आहे, हे कायम डोक्यात ठेवा. स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) या चार गोष्टींवर तडजोड नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचं माप घ्या. जुन्या वाड्यात आणि बैठ्या घरांत अर्थिंगची तार नुसती नावाला असते.

ज्या भागात विजेचा दाब खालीवर होतो तिथे स्टॅबिलायझर लावा, आणि वीज आल्यावर कॉम्प्रेसर तीन मिनिटं थांबून सुरू होतो का ते तपासा.

अमेरिकेतला भाऊ तिकडचा टब पाठवतो म्हणतोय. घेऊ का?

प्लंज, ब्लूक्यूब, रेनू थेरपी अशा अमेरिकी कंपन्यांची यंत्रं चांगली आहेत, पण तिथल्या घरांसाठी बनलेली. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. साधी मोटर सुमारे १७ टक्के हळू फिरते, कॉम्प्रेसर तापतो, आणि वॉरंटी इकडे लागू होत नाही. त्यावर जहाजभाडं, सीमाशुल्क, जीएसटी. मूळ किंमतच तिकडे काही हजार डॉलरपासून सुरू होते.

भाऊ लंडनला किंवा जर्मनीला असेल तर विजेचा प्रश्न येत नाही, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ तिथेही आहेत. दुरुस्तीचा मात्र राहतोच.

मला विचाराल तर टबाचं भांडं कुठलंही घ्या, चिलर असा घ्या की ज्याचा पंप, फिल्टर आणि सर्किट बोर्ड भारतात मिळतो. चिलरमध्ये कोणता वायू आहे तेही विचारा. आर ३२ किंवा आर ४१०ए असेल तर एसीची कामं करणारा अनुभवी मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो.

पाणी किती दिवस टिकतं? रोज बदलायचं का?

गाळण आणि निर्जंतुकीकरण नीट असेल तर एक ते दोन महिने. थंडीमुळे जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. म्हणून "थंड पाणी आहे, खराब होत नाही" हे खरं नाही.

बहुतेक प्रीमियम टबांत २० मायक्रॉनचं फिल्टर आणि ओझोन किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) असतं. यूव्हीचा दिवा नळीतून जाणाऱ्या पाण्यावरच काम करतो, टबाच्या भिंतीला चिकटलेल्या बुळबुळीवर नाही. ओझोन प्रभावी आहे, पण बंद खोलीत तो श्वासात जाणं वाईट. खिडकी हवी, आणि तुम्ही आत असताना तो बंद राहील असा टायमर हवा. दोन्ही असूनही थोडं क्लोरीन ठेवणं शहाणपणाचं: १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच ७.२ ते ७.८, आठवड्यातून दोनदा पट्टीने तपासून. ४०० लिटरला २ पीपीएम म्हणजे डायक्लोरची पावडर साधारण दीड ग्रॅम. चमचाभर नाही.

विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर टबात टाकू नका, तिचा चुना खाली बसतो आणि फिल्टर जाम करतो. स्विमिंग पूलच्या मोठ्या गोळ्याही नकोत. त्या पाणी आम्लधर्मी करतात आणि उष्णता विनिमय करणारी नळी खातात. ही नळी टायटॅनियमची असेल तर क्लोरीनला दाद देत नाही. तांब्याची असेल तर मी तो चिलर घेणार नाही. तुरटीने गाळ बसवायचा आणि डेटॉलने पाणी "शुद्ध" करायचा मोहही टाळा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आधी साबण लावून अंघोळ. तेल चोळून टबात उतरलात तर एका आठवड्यात फिल्टर बदलावं लागेल.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. चालेल?

चालेल. कडकपणाची चिंता गिझरला असते तेवढी इथे नाही, कारण क्षार गरम पाण्यात जास्त बसतात. लोह असेल तर मात्र ॲक्रिलिकवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि क्लोरीन टाकताच पाणी रंगतं. टब भरताना होजला लावायचं साधं प्री-फिल्टर घ्या. पाणीटंचाईच्या भागात टँकरचं पाणी भरणार असाल तर आधी पिंपात एक दिवस निवळू द्या. सोडलेलं पाणी वाया घालवू नका. क्लोरीन थांबवून दोन दिवस झाकण उघडं ठेवलं की ते झाडांना चालतं, गाडी आणि अंगण धुवायला तर लगेच.

महिन्याचं वीजबिल किती वाढेल?

चांगल्या इन्सुलेशनच्या टबाला, सतत १० अंशांवर ठेवून, पंप धरून दिवसाला अडीच-तीन युनिट. महिन्याला ८० ते ९०. बिनइन्सुलेशनच्या टबाला दुप्पट-अडीचपट. हे युनिट तुमच्या आधीच्या वापराच्या वर चढतात, त्यामुळे दर लावताना बिलातल्या वरच्या स्लॅबचा लावा. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांना पायऱ्या आहेत. तुमचं बिल आता २५० युनिट असेल तर टबाचे ३०-४० युनिट ३०० च्या वरच्या महागड्या पायरीवर जातील. १० ऐवजी १३ अंशांवर ठेवलं तरी फरक पडतो, आणि शरीराला तेवढं पुरतं.

उंचीप्रमाणे आकार कोणता घ्यावा?

आत बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. पाच फूट आठ इंचांपर्यंतच्या माणसाला आतली लांबी १४०-१५० सेंटिमीटर पुरते, गुडघे थोडे वाकवून. जागा कमी असेल तर उभं पिंप चांगलं, पण चढायला-उतरायला पक्की पायरी आणि धरायला दांडा हवा. घरात साठीच्या पुढचं कोणी वापरणार असेल तर उभं पिंप नकोच. थंडीने बधिर झालेल्या पायांनी उंच काठ ओलांडणं अवघड जातं.

जुन्या चेस्ट फ्रीझरचा टब करतात, तो कसा?

करू नका. फ्रीझर आतमध्ये पाणी आणि माणूस असेल या हिशेबाने बनवलेला नसतो. शिवण गळली की पाणी विजेच्या भागांपर्यंत पोचतं. जिवाशी खेळ आहे.

विक्रेत्याला काय काय विचारू?

४० अंशांच्या हवेत चिलर किती वॅट उष्णता काढतो, ते लेखी. कॉम्प्रेसरची वॉरंटी वेगळी किती आणि पंप-बोर्डाची किती, कारण "५ वर्षं" म्हणतात ती बहुधा नुसत्या भांड्याची असते. फिल्टर कितीला आणि कुठे मिळतं. आवाज किती डेसिबल, रात्री शयनगृहाच्या भिंतीपलीकडे चालणार आहे का. समुद्राजवळ राहत असाल तर कंडेन्सरच्या पत्र्याला गंजरोधक थर आहे का. आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या, किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेल्या ग्राहकाशी बोलू द्या म्हणा. या शेवटच्या मागणीला जो टाळतो, त्याच्याकडून मी घेणार नाही.

पहिल्यांदा उतरताना काय काळजी घ्यावी?

१५-१६ अंशांपासून सुरू करा, एक मिनिट, घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर असताना. डोकं बुडवू नका. नाकातून आत, तोंडातून सावकाश बाहेर, श्वास ताब्यात येईपर्यंत हलू नका. जोरजोरात श्वास घेण्याचे प्रकार पाण्यात किंवा पाण्यात उतरायच्या लगेच आधी कधीही करू नका. त्याने भोवळ येते, आणि पाण्यात आलेली भोवळ जीव घेते. दारू प्यायल्यावर नाही. आठवड्यागणिक एक-दोन अंश खाली या. तीन-चार मिनिटांपुढे जायची सामान्य माणसाला गरज नाही. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून थंड होत राहतं, म्हणून लगेच कडक गरम पाण्याखाली उभं राहू नका. अंग पुसा, कपडे घाला, चालत राहा.

घरात लहान मुलं असतील तर कुलूप लागणारं झाकण ही चैन नाही. रिमोटने किंवा मोबाइलने चालणारी सोय नसली तरी चालेल, कुलूप हवंच.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना टब तसाच ठेवू का?

आठवड्याभरासाठी तापमान १५ वर करून, क्लोरीन तपासून, झाकण लावून चालू ठेवा. त्याहून जास्त दिवस असेल तर पूर्ण रिकामा करा. बंद केलेल्या टबातलं स्वच्छ साचलेलं पाणी तापलं की त्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची पैदास होते, आणि महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात अशीच पाणीसाठ्याची ठिकाणं शोधत असतात. टब उपसल्यावर चिलरच्या नळ्यांतलं आणि फिल्टरच्या भांड्यातलं पाणीही काढा, फिल्टर उन्हात वाळवा, आणि झाकण बोटभर उघडं ठेवून जा म्हणजे आत बुरशी धरत नाही.